शर्वाणीच्या वहीतली आग

दुबईतल्या आमच्या टॉवरमध्ये सोळाव्या मजल्यावरच्या कचऱ्याच्या खोलीला आग लागली, त्या सोमवारपर्यंत मी बऱ्यापैकी समजूतदार आई होते, असा माझा समज होता. कुणालचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, तो कधीच नव्हता. पण त्याचं मत इथे विचारात घ्यायचं कारण नाही.

आग म्हणजे तरी केवढी, एक काळी पिशवी आणि दोन पुठ्ठ्याचे खोके. सिक्युरिटीवाल्याने पाच मिनिटांत विझवली. पण तोवर अलार्म वाजला होता, आणि चाळीस मजल्यांची माणसं जिन्याने खाली निघाली होती. मी बाविसाव्या मजल्यावरून एका हातात पासपोर्टची पिशवी आणि दुसऱ्या हातात पुरणाचं पातेलं घेऊन उतरले. माझा डब्यांचा धंदा आहे, त्यामुळे घरात कुठलं ना कुठलं पातेलं भरलेलं असतंच. पण तेच का उचललं, हे मला आजही सांगता येत नाही.

खाली हिरवळीवर सगळे जमले होते, फक्त शर्वाणी नव्हती. शर्वाणी माझी मुलगी, तेरा वर्षांची. परीक्षा संपून सुट्टी लागली होती आणि ती सकाळपासून घराबाहेर होती. माझा जीव टांगणीला लागला. सगळ्यांत शेवटी ती आणि तिची मैत्रीण फिझा जिन्यातून बाहेर आल्या, चक्क हसत. कपड्यांना धुराचा वास.

"कुठे होता तुम्ही?"

"फिझाज प्लेस," शर्वाणी म्हणाली.

फिझाचं घर सोळाव्या मजल्यावर. तिची आई रशीदा त्या वेळी भाजी आणायला गेली होती आणि वडील, मोहिद्दीनभाई, कामावर. म्हणजे आग लागली त्या मजल्यावर या दोघीच. माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी शर्वाणीचे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांसमोर तिची बोटं हुंगून पाहिली. काडेपेटीचा वास येतो का, हे मला बघायचं होतं. वास पुरणाचा आला, कारण माझेच हात बरबटलेले होते.

तिने हात ओढून घेतले. "सीरियसली, आई?" एवढंच म्हणाली आणि फिझाच्या मागे जाऊन उभी राहिली.

त्याच संध्याकाळी आमच्या मराठी पालकांच्या ग्रुपवर बापू साळगावकरांचा मेसेज आला. बापू आमच्यातले ज्येष्ठ. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात त्यांची काँट्रॅक्टिंगची कंपनी आहे, अठराव्या मजल्यावरच्या घरात नातवंडं आहेत आणि फॉरवर्ड करायला भरपूर वेळ आहे. मेसेजचा मथळा होता, 'जपानी कॉमिक्सचा विळखा : तुमचं मूल गुन्हेगार होतंय का?' खाली लक्षणं दिलेली. खोलीचं दार लावून घेणं, एकटं हसणं, आईवडिलांना उलट उत्तरं देणं. वाचून पाहिलं, तर तिन्ही लक्षणं शर्वाणीत होती. आता विचार केला तर माझ्यातही होती.

मंगळवारी तिच्या पलंगाची चादर बदलत होते. गादीखाली वही सापडली.

वही म्हणजे कोरे कागद दुमडून मध्ये पिना मारलेल्या. मी उघडली. दर पानावर एक मोठं चित्र, काळ्या पेनाने काढलेलं, शब्द एकही नाही. चित्रं इतकी छान होती की आधी मला अभिमानच वाटला. मग मी गोष्ट बघायला लागले.

पहिल्या पानावर घराच्या दारात एक बाई एका मुलीला कुशीत घेऊन उभी आहे. दुसऱ्या पानावर माणसं त्या मुलीसाठी टाळ्या वाजवताहेत. म्हणजे लाडकी लेक, कौतुकाची. तिसऱ्या पानावर तिच्या कडेवर एक छोटा मुलगा आहे आणि ती एका मोठ्या खिडकीशी आहे. चौथ्यावर तोच मुलगा खोलीत एकटा, भोकाड पसरून. हिने आत टाकला त्याला. पाचव्यावर तिच्या हातात हातोडा आणि काचांचा चुरा. सहाव्यावर खिडक्याखिडक्यांतून ज्वाळा. सातव्यावर सगळं जळून एका ढिगाऱ्यात एवढीशी आग उरलेली. आणि आठव्यावर ती मुलगी पाठीला दप्तर लावून, मजेत, आइस्क्रीम खात चालली आहे.

ते आइस्क्रीम मी दोनदा बघितलं. कव्हरवर नावसुद्धा नव्हतं. नाव होतं मागच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत, 'फायर गर्ल'. म्हटलं, आजकालच्या मुलांना नाव कुठे लिहावं एवढंही कळत नाही.

शर्वाणी घरी आल्यावर मी वही तिच्यापुढे टाकली.

तिचा चेहरा आधी पडला, मग थोडा उजळला. "यू रेड इट?"

"वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"अँड? डिड यू लाइक द एंडिंग?"

विचारायची हिंमत तरी बघा, असं मला वाटलं. "शेवट बघून तर माझ्या पोटात ढवळलं," मी म्हणाले. "लाज वाटली मला. असलं काही तुझ्या डोक्यात येतंच कसं?"

 भांडेल, ओरडेल म्हणून मी तयारीत होते, पण तिने वही उचलण्यासाठी पुढे केलेला हात मागे घेतला, खोलीत गेली आणि दार लावलं. तिथून पुढचे तीन दिवस तिच्या तोंडाला कुलूप. मला वाटलं, गुन्हा कबूल आहे.

मी तिला फिझाशी बोलायचं नाही असं बजावलं आणि फोन काढून घेतला. रात्री जेवताना कुणालला सगळं सांगितलं. त्याने वही चाळली, अर्थात मी चाळली तशीच, आणि ताट बाजूला सारलं.

"इथे हे चालणार नाही, कमू," तो म्हणाला. "सिक्युरिटी कॅमेरे चेक करतेय. उद्या मॅनेजमेंटने बोलावलं, पोलीस आले, तर? आपण व्हिसावर राहणारी माणसं. तिला कराडला ताईकडे पाठवू. आठवी तिथे करू दे."

"वर्षभर?"

"वर्षभर तर वर्षभर. शाळेचं मी बघतो. रविवारचं पुण्याचं तिकीट मिळतंय, सहाशे दिऱ्हम. पंधरा हजाराच्या आसपास."

मी हो म्हणाले. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण म्हणाले. शर्वाणीला सांगितलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. "व्हॉटेव्हर," ती म्हणाली. मी तिची बॅग काढून ठेवली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

रडून झाल्यावर मला राग आला, आणि मला राग आला की मी कामाला लागते. मी बापूंना फोन करून सांगितलं की मीटिंग घ्या. माझी मुलगी तर गेली हातची, निदान बाकीची वाचवू. टॉवरभर फिरून मी मराठी घरांतली सगळी कॉमिक्स गोळा केली. डब्यांच्या दोन खोक्यांत मावेनात एवढी निघाली. मुलांनी दारादारांत असे काही चेहरे केले, जणू मी त्यांची मांजरं उचलून नेत होते.

शुक्रवारी संध्याकाळी पार्टी हॉलमध्ये वीसेक पालक जमले. बापू इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून समोर बसले होते. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की आपल्या वेळी असं नव्हतं. आगीशी खेळ म्हणजे काय, हे या पिढीला कळत नाही, असंही म्हणाले. मग मला बोलायला सांगितलं.

मी खोक्यातलं एक विकतचं पुस्तक उचललं. "हे बघा. मी म्हणते म्हणून नको. छापणाऱ्यानेच पहिल्या पानावर काय लिहिलंय ते वाचते. 'थांबा! तुम्ही चुकीच्या मार्गाने चालला आहात.' इंग्रजीत आहे, मी मराठी करून सांगितलं. सिगारेटच्या पाकिटावर असते तशी वॉर्निंग आहे ही. प्रत्येक पुस्तकात आहे. म्हणजे विकणाऱ्यालाही माहीत आहे की मुलं यातून वाया जाणार."

 दोघांतिघांनी त्या पानाचा फोटो काढला. प्रमिला, चोविसाव्या मजल्यावरची, म्हणाली, "अगंबाई, आमच्या घरात चौदा आहेत." बापूंनी मान डोलावली.

मग मी शर्वाणीची वही काढली. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना कळलं. पान पान उलटून दाखवलं. टाळ्या, खिडकी, रडणारं पोर, हातोडा, आग. आइस्क्रीमचं पान सगळ्यांत जास्त वेळ धरून ठेवलं.

"बघू गं जरा," मागून रशीदा म्हणाली.

रशीदा मूळची रत्नागिरीची. फिझाची आई आणि गेली अकरा वर्षं माझी मैत्रीण, पण सोमवारपासून मी तिला टाळत होते. फिझाचं नाव मी कुठेच घेतलं नव्हतं, तरी तिच्यापर्यंत सगळं पोचलं असणारच. तिने वही घेतली, चष्मा लावला आणि उघडली. बघता बघता तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. मला संताप आला. सगळी पानं झाल्यावर तिने ओढणीने डोळे टिपले.

"काय गोड गोष्ट काढलीय गं पोरीने," ती म्हणाली. "शेवट तर एकदम दिल को लगा."

"आइस्क्रीम खाते तो?" मी विचारलं.

"आइस्क्रीम सुरुवातीला आहे ना." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी विनोद केला आहे. "पोरगी शाळेतून आइस्क्रीम खात येते. ढिगाऱ्याला आग लागलेली दिसते. आग वाढते, बिल्डिंगला लागते. ही हातोडा घेऊन काच फोडते. आत पोर रडतंय. त्याला कडेवर घेऊन बाहेर काढते. लोक टाळ्या वाजवतात. आणि मग घरी जाते. खलास."

"पण तू वही मागून वाचलीस, रशीदा."

"मागून कुठे? पुढूनच. हे बघ, नाव इकडेच लिहिलंय." तिने 'फायर गर्ल' दाखवलं. "आता मी तर पुस्तक हातात आलं की इकडूनच उघडते, लहानपणापासून. कुराणाचा सिपारा, उर्दूची पहिली, सगळं उजवीकडून. फिझा सांगते की जपानचीही अशीच असतात. मला म्हणते, अम्मी, बघ तुला किती लवकर जमलं." मग तिने खोक्यातलं ते विकतचं पुस्तक उचललं, मी वाचलेलं पान पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आणि ही वॉर्निंग तुझ्यासाठी आहे गं. उलट्या बाजूने उघडलंस म्हणून थांब म्हणतंय ते."

सतरा वर्षं मी या देशात राहते. इथे प्रत्येक बिल, प्रत्येक पाटी, हॉटेलातलं प्रत्येक मेनूकार्ड दोन्ही बाजूंनी, अरबीत उजवीकडून आणि इंग्रजीत डावीकडून, लिहिलेलं असतं. मेनूकार्ड उजवीकडून उघडलं की मी ते फिरवून घेते, विचारसुद्धा न करता. त्या हॉलमध्ये वीस शिकलेली माणसं होती आणि एकाही शहाण्याला वही फिरवून बघावीशी वाटली नव्हती. त्यांची पुढारी मी होते.

कोणीतरी फिसकन हसलं. प्रमिलाने फोनमधला फोटो पुसला असावा, कारण ती मान खाली घालून बराच वेळ काहीतरी दाबत होती. बापू म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण मग आग कोणी लावली?"

इथे मी थोडा क्रम मोडते, कारण हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. ते कॅमेऱ्यात दोन दिवसांनी दिसलं. बापूंना गॅसवर भाजलेला बांगडा आवडत नाही. मालवणी माणूस, त्यांना कोळशावरचाच लागतो. टॉवरमध्ये कोळसा पेटवायला सक्त मनाई आहे, म्हणून ते दुपारी सून ऑफिसात असताना बाल्कनीत छोटी शेगडी लावायचे आणि निखारे, विझले असं समजून, पिशवीत बांधून टाकायला जायचे. आपल्या मजल्यावर कोणी बघेल म्हणून दोन मजले खाली उतरून. ग्रुपवर त्यांनी एक लांबलचक मेसेज टाकला आणि काढून टाकला. पुन्हा टाकला आणि पुन्हा काढला. तिसऱ्यांदा फक्त हात जोडल्याचं चित्र आलं.

पण शुक्रवारी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आग कोणी लावली, या बापूंच्या प्रश्नाला मी म्हणाले, "ते मला माहीत नाही. माझ्या मुलीने नाही लावली, एवढं माहीत आहे." उशिरा का होईना, हे तरी मी पुराव्याशिवाय म्हणू शकले. खोक्यांतली पुस्तकं ज्याची त्याने घेऊन जा म्हणून सांगितलं आणि वही घेऊन निघाले.

लिफ्टमध्ये मी वही पुन्हा उघडली, उजवीकडून. बाविसावा मजला येईपर्यंत शेवटच्या पानाशी पोचले. मंगळवारी याच पानावरून मी दोन सेकंदांत पुढे गेले होते. मुलीचं तोंड धुराने काळं झालेलं, बाही फाटलेली, केस विस्कटलेले. हे मी आधी पाहिलंच नव्हतं. आणि दारातली बाई काहीएक न विचारता तिला तशीच, काळवंडलेली, कुशीत घेते आहे. बाईच्या कमरेला एप्रन होता. केसांचा अंबाडा माझ्यासारखाच एका बाजूला सुटलेला होता.

शेवट बघून पोटात ढवळलं, असं मी हिला म्हणाले होते. लाज वाटली, म्हणाले होते. हिने काय ऐकलं असेल, हे लिफ्टच्या दारापाशी उभी असताना माझ्या ध्यानात आलं आणि दार दोनदा उघडून मिटलं तरी मी आतच होते.

कुणाल सोफ्यावर बसून ताईशी शाळेबद्दल बोलत होता. मी त्याच्या हातातून फोन घेतला. "ताई, शर्वाणी येत नाहीये. नंतर सांगते," म्हटलं आणि ठेवला. 

शर्वाणीच्या दारावर मी टकटक केलं. एरवी मी करत नाही. ती पलंगावर बसली होती, बॅग अर्धी भरलेली. मी वही तिच्या मांडीवर ठेवली.

"मी ही उलटी वाचली गं. डावीकडून."

"व्हॉट?"

"मला वाटलं, आई लाड करते, लोक टाळ्या वाजवतात, मग ही पोराला खिडकीतून आत टाकते, काचा फोडते, बिल्डिंग पेटवते आणि आइस्क्रीम खात निघून जाते."

वही उघडून तिने डावीकडून दोन-तीन पानं उलटली आणि मग तिला हसू आवरेना. तीन दिवसांनी मी तिचं हसणं ऐकत होते. "ओह माय गॉड. शी थ्रोज द किड इन," असं म्हणत ती उशीवर पडून हसत होती. मीही हसले. मला वाटलं, चला, सुटलो. कराडला जायचं रद्द, फिझाला बोलव, काय हवं ते खायला करते, असं सगळं मी एका दमात सांगून टाकलं.

"म्हणजे त्या दिवशी शेवट मी बघितलाच नव्हता," मी म्हणाले. "शेवट आवडला का, असं तू विचारलंस ना? आता बघितला. ती बाई मी आहे ना?"

"हं." तिचं हसू हळूहळू ओसरलं. तिने वही मिटली, पुन्हा उजव्या बाजूने उघडली आणि नुसतीच बघत बसली. मग कधी नव्हे ते मराठीत म्हणाली, "पण आई, माझे हात हुंगलेस. सोमवारी. तेव्हा तर तू वही बघितली नव्हतीस."

मी दिवसभर बोलणारी बाई. सिक्युरिटीवाल्यांशी, गिऱ्हाइकांशी, भाजीवाल्याशी हिंदीतून भांडून जिंकणारी. मी तिच्या बॅगेतला एक कपडा काढून त्याची घडी घालू लागले. सगळे हसले होते, रशीदाने डोळे पुसले होते, बापूंची फजिती व्हायची अजून बाकी होती; पण यातल्या कशानेही तो सोमवार पुसला जाणार नव्हता. तो मी अगदी सरळ वाचला होता आणि तरी माझ्या मुलीवर माझा विश्वास बसला नव्हता.

"हो," मी म्हणाले. "ते चुकलं माझं. वहीचं नाही म्हणत. ते हातांचं."

आमच्या घरात मोठी माणसं असं म्हणत नाहीत. माझी आई कधी म्हणाली नाही, मीही आजवर म्हणाले नव्हते. शर्वाणीने माझ्याकडे पाहिलं. 

"ओके," ती म्हणाली.

'इट्स ओके' नाही म्हणाली. दोन्हींत फरक आहे, आणि तेवढं इंग्रजी मला येतं.